बदलीच्या गावातला पहिला उन्हाळा : घर कसं लावायचं, ऊन कसं काढायचं आणि मोबाइलवरचे ठग कसे ओळखायचे

अमरावती : परीक्षा संपल्या की जिल्ह्यातल्या रस्त्यांवर सामानाने भरलेले छोटे टेम्पो दिसू लागतात. वर दोरीने बांधलेला कूलर, बाजूला लटकलेली सायकल, मागे गाद्यांच्या वळकट्या. शिक्षक, ग्रामसेवक, वनरक्षक, बँकेचे आणि एसटीचे कर्मचारी यांची घरं याच दिवसांत हलतात. पुण्या-मुंबईहून कायमचं गावाकडे परतणारी कुटुंबंही मुलांच्या सुट्ट्या पाहूनच निघतात. दर्यापूरचं कुटुंब धारणीत जातं, वरुडचं चांदूर रेल्वेत येतं.

नव्या गावात पहिले दोन महिने सगळंच अनोळखी असतं. नळ कोणत्या दिवशी येतो, लाइनमन कोण, गॅसची गाडी कधी येते, काहीच ठाऊक नसतं. विचारायला शेजारी अजून ओळखीचे झालेले नसतात. मग माणूस मोबाइल काढतो आणि शोधतो. ऑनलाइन ठगांना नेमकं हेच हवं असतं. त्यात बाहेर ४२-४५ अंशांचं ऊन, घरात अर्धवट उघडलेली खोकी आणि डोक्यात घाई. म्हणून घर लावणं, उन्हापासून जपणं आणि मोबाइल सांभाळणं ही तीन कामं एकत्रच करावी लागतात.

पहिल्या दिवशीची कामं

सामान उतरवण्याआधी वीज मीटरचा फोटो काढून ठेवावा. फोटोत मीटर क्रमांक आणि रीडिंग दोन्ही स्पष्ट दिसायला हवेत. आधीच्या भाडेकरूची थकबाकी आपल्या नावावर येऊ नये यासाठी हा फोटो उपयोगी पडतो. घरमालकाकडून जुन्या बिलाची प्रत घ्यावी. त्यावरचा ग्राहक क्रमांक वहीत लिहून ठेवावा. बिल भरायचं असो की तक्रार करायची, तोच क्रमांक लागतो.

दुसरं काम अर्थिंगचं. विदर्भात उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं दगावतात. त्यात पाणी भरणाऱ्या बायका आणि खेळता खेळता कूलरला हात लावणारी लेकरं जास्त असतात. लोखंडी कूलर, ओली फरशी आणि अनवाणी पाय एकत्र आले की धोका तयारच असतो. कूलर लावण्याआधी वायरमनकडून घराचं अर्थिंग तपासून घ्यावं. प्लग तीन पिनांचाच असावा. घराच्या बोर्डात गळती झाल्याबरोबर वीज तोडणारा स्विच बसवून घेतला तर फार उत्तम. खर्च एकदाच होतो. पाणी भरताना नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लग काढावा. घरातल्या प्रत्येकाला हे सांगून ठेवावं.

कूलरची टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करून, घासून, कोरडी करावी. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो. पाण्याची टंचाई असली तरी हे काम टाळू नये. काढलेलं पाणी झाडांना घालता येतं.

घर लावताना आधी सावली बघावी

नव्या घरात पलंग कुठे, कपाट कुठे हे ठरवण्याआधी एक पूर्ण दिवस ऊन कुठून येतं ते पाहावं. पश्चिमेची भिंत दुपारनंतर तापते आणि रात्री उशिरापर्यंत आत उष्णता सोडत राहते. त्या भिंतीला कपाट, धान्याची कोठी किंवा खोक्यांची रांग लावावी. झोपण्याची जागा पूर्वेच्या किंवा उत्तरेच्या बाजूला ठेवावी. टिनाचं छप्पर असेल तर वरून पांढरा चुना मारून घ्यावा. आत तट्ट्यांचं किंवा जुन्या धोतराचं छत ताणलं तरी फरक जाणवतो. सकाळी नऊनंतर खिडक्या बंद करून पडदे ओढावेत आणि सूर्य मावळल्यावर सगळं उघडावं. कूलर मात्र बंद खोलीत चालवू नये. तो खिडकीत बाहेरच्या बाजूने लावावा आणि समोरची एखादी खिडकी थोडी उघडी ठेवावी. नाहीतर खोलीत थंडाव्याऐवजी दमटपणाच होतो.

सामान उघडण्याचा क्रमही ठरवावा. आधी स्वयंपाकघर आणि माठ, मग अंथरुणं, मग कपडे. शोभेच्या वस्तू सगळ्यात शेवटी. जे खोकं महिनाभर उघडावंच लागलं नाही, त्यातल्या वस्तूंची घराला खरंच गरज आहे का, ते एकदा तपासावं.

उन्हाळा म्हणजे वर्षाचं धान्य भरण्याचे दिवस. गहू, तूर डाळ, ज्वारी कडक उन्हात वाळवून, गार झाल्यावरच कोठीत भरावी. गरम धान्य भरलं की आत ओल सुटते आणि सोंडे लागतात. वाळलेला कडुलिंबाचा पाला घालण्याची जुनी रीत आजही चालते. धान्यात टाकायच्या विषारी गोळ्या मात्र राहत्या घरात वापरूच नयेत. त्यातून निघणारा वायू बंद खोलीत साठतो, शेजारच्या खोलीतही शिरतो आणि झोपेतल्या माणसाचा जीव घेतो. नवं घर लहान असतं, कोठी झोपायच्या खोलीतच ठेवावी लागते, म्हणून हा धोका आणखी वाढतो.

घराभोवती विटांचा, लाकडांचा किंवा पालापाचोळ्याचा ढीग असेल तर पावसाआधी हलवावा. विंचू आणि साप गारव्याला तिथेच बसतात. रात्री अंगणात जाताना बॅटरी आणि पायात चप्पल हवीच. साप चावला तर चिरा देणं, आवळून बांधणं, मांत्रिकाकडे नेणं यात वेळ घालवू नये. माणसाला धीर द्यावा, फार हालू देऊ नये आणि १०८ ला फोन करून थेट सरकारी दवाखाना गाठावा. नव्या गावात आल्या आल्या जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र आणि ग्रामीण रुग्णालय कुठे आहे ते एकदा जाऊन पाहून यावं.

कागदपत्रांची एकच पिशवी

घर हलवताना सर्वात जास्त हरवतात ते कागद. आधार, रेशनकार्ड, बँकेची पासबुकं, मुलांचे दाखले, सातबारा, गाडीचं आरसी बुक, औषधांच्या चिठ्ठ्या हे सगळं एकाच प्लास्टिकच्या पिशवीत ठेवावं आणि ती टेम्पोत न टाकता सोबत न्यावी.

पत्ता बदलल्यावर करायच्या कामांची यादी अशी :

• रेशन : ‘एक देश एक रेशनकार्ड’ योजनेमुळे नव्या गावच्या रास्त भाव दुकानातही अंगठा लावून धान्य मिळतं. त्यासाठी कार्डातल्या सदस्यांचं आधार जोडलेलं असायला हवं.

• मतदार यादी : राहण्याचं ठिकाण बदललं की नमुना ८ भरायचा. माहितीसाठी १९५० हा क्रमांक आहे.

• आधार : आधार केंद्रावर किंवा अधिकृत संकेतस्थळावर पत्ता बदलता येतो. अडचण आल्यास १९४७ वर विचारावं.

• गॅस : जुन्या एजन्सीकडून कनेक्शन बदलीचा कागद घेऊनच निघावं. गळतीची तक्रार १९०६ वर करता येते. घरपोच सिलिंडरचा कोड सिलिंडर दारात आल्यावरच द्यायचा, फोनवर कुणालाही नाही.

• बँक : शाखा बदलली तरी खातं तेच राहू शकतं. खात्याला जोडलेला मोबाइल नंबर मात्र चालू ठेवावा.

यातली शेवटची गोष्ट फार महत्त्वाची आहे. नव्या गावात जुन्या कंपनीला रेंज नाही म्हणून लोक नवं सिम घेतात आणि जुनं रिचार्ज न करता सोडून देतात. असा बंद पडलेला नंबर काही महिन्यांनी कंपनी दुसऱ्या ग्राहकाला देते. मग बँकेचे ओटीपी त्या अनोळखी माणसाच्या फोनवर जायला लागतात. एकतर नंबर तोच ठेवून कंपनी बदलावी, किंवा आधी बँकेत आणि आधारला नवा नंबर जोडून मगच जुना सोडावा.

घरमालकाला आधारची झेरॉक्स देताना शक्यतो शेवटचे चारच आकडे दिसणारी प्रत द्यावी. ती अधिकृत संकेतस्थळावरून काढता येते. पूर्ण प्रत द्यावीच लागली तर तिच्यावर ‘फक्त भाडेकरारासाठी’ आणि तारीख लिहून सही करावी. रिकामी खोकी उकिरड्यावर टाकण्याआधी त्यावरची कुरियरची चिठ्ठी फाडावी, कारण तिच्यावर नाव, पत्ता आणि मोबाइल नंबर तिन्ही असतात. जुना फोन भंगारात किंवा बदलून देताना त्यातला सगळा डेटा पुसून, सिम आणि मेमरी कार्ड काढून घ्यावं.

ठग कुठून शिरतात

घर बदललेल्या कुटुंबाला गाठायच्या ठगांच्या ठरलेल्या वाटा आहेत. त्या माहीत असल्या की निम्मं काम झालं.

*‘आज रात्री वीज तोडली जाईल.’* मागचं बिल भरलेलं नाही, या नंबरवर संपर्क करा, असा संदेश येतो. नव्या घरात बिलाचा घोळ असेलच असं वाटून माणूस फोन लावतो. समोरचा गोड बोलून एक अ‍ॅप घ्यायला सांगतो, ज्यातून त्याला आपल्या फोनचा पडदा दिसतो. मग ‘फक्त दहा रुपये भरून बघा’ म्हणतो. तेवढ्यात पिन त्याला कळतो. महावितरणचे संदेश कंपनीच्या नावाने येतात, कुणाच्या दहा आकडी खासगी नंबरवरून येत नाहीत. शंका आली तर १९१२ किंवा १८००२१२३४३५ वर विचारावं, नाहीतर सरळ गावातल्या लाइनमनला गाठावं.

*शोधून काढलेला ‘कस्टमर केअर’.* गॅस एजन्सी, फ्रीज दुरुस्ती, डिश टीव्ही यांचे नंबर लोक इंटरनेटवर शोधतात. तिथे ठगांनी टाकलेले खोटे नंबर सर्वात वर दिसू शकतात. नंबर घ्यायचा तो बिलावरून, वस्तूच्या खोक्यावरून किंवा कंपनीच्या स्वतःच्या अ‍ॅपमधून.

*व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली एपीके फाइल.* कधी ती लग्नपत्रिकेच्या नावाने येते, कधी वाहनाच्या दंडाच्या चलनाच्या, कधी पीएम किसानच्या केवायसीच्या. लग्नसराई असते, पत्रिका कुणाची ते बघायला बोट आपोआप जातं. नावाच्या शेवटी ‘एपीके’ लिहिलेलं असेल तर ती पत्रिका नाही, फोनमध्ये शिरणारं अ‍ॅप आहे. एकदा बसलं की ते ओटीपी वाचून पुढे पाठवू शकतं. नातेवाइकाच्या नंबरवरून आली तरी उघडू नये, कारण त्याचाही फोन आधीच ठगांच्या ताब्यात गेलेला असू शकतो. आधी फोन करून विचारावं.

*जुना कूलर, जुनं कपाट.* घर लावताना लोक जुन्या वस्तू ऑनलाइन घेतात आणि विकतात. समोरचा ‘लष्करात आहे, बदली झाली’ असं सांगून स्वस्तात वस्तू देतो आणि आधी वाहतुकीचे पैसे मागतो. विकताना उलटं होतं. ‘तुम्हाला पैसे पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा, पिन टाका’ असं सांगितलं जातं. इथे एकच नियम लक्षात ठेवावा : पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पिन टाकला म्हणजे पैसे गेले.

*निकालाची लिंक.* दहावी-बारावीच्या निकालाच्या दिवसांत ‘आधी निकाल बघा’, ‘गुण वाढवून देतो’ असे संदेश फिरतात. निकाल मंडळाच्या अधिकृत संकेतस्थळावर फुकट दिसतो. त्यासाठी पैसे मागणारा प्रत्येक जण ठगच.

*‘डिजिटल अटक.’* पोलिसांच्या वर्दीतला माणूस व्हिडिओ कॉलवर येतो, तुमच्या आधारवर गुन्हा आहे म्हणतो, कुणाला सांगू नका आणि कॅमेऱ्यासमोरून हलू नका असा दम देतो. आपल्या कायद्यात अशी अटकच नाही. पोलीस, सीबीआय किंवा न्यायालय व्हिडिओ कॉलवर कुणाला अटक करत नाही आणि खात्यात पैसेही मागत नाही. घरात एकटे असणारे म्हातारे आईवडील या फोनला जास्त घाबरतात. त्यांना हे आधीच समजावून सांगावं.

*फोन वळवणारा नंबर.* ‘तुमचं कुरियर आलंय, पत्ता सापडत नाही, हा नंबर डायल करा’ असं सांगून तारा किंवा चौकोनाच्या चिन्हाने सुरू होणारा क्रमांक दिला जातो. तो लावला की आपले फोन ठगाच्या नंबरवर वळू शकतात. नव्या पत्त्यावर खरंच पार्सल येणार असतं, म्हणून संशय येत नाही. चुकून लावलाच तर ##००२# डायल केल्यावर वळवलेले कॉल बंद होतात.

सुट्टीतली पोरं आणि फोन

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे राज्यातल्या इतर भागांपेक्षा उशिरा उघडतात. नव्या गावात मित्र नाहीत, बाहेर ऊन, मग मुलांच्या हातात दिवसभर फोन. घरातल्या एकाच फोनवर बँकही असते आणि खेळही. यूपीआयचा पिन मुलांना सांगू नये आणि पैशांच्या अ‍ॅपला वेगळं कुलूप लावावं. खेळातली हत्यारं, नाणी फुकट देतो म्हणणारा अनोळखी माणूस मित्र नसतो, हे मुलांना रागावून नव्हे तर बसवून सांगावं. चूक झाली तर मार बसेल या भीतीने मुलं गोष्ट लपवतात आणि नुकसान वाढत जातं. ‘काहीही झालं तरी आधी घरी सांग’ हा विश्वास त्यांना वाटायला हवा.

‘आम्ही चाललो चिखलदऱ्याला’ असं स्टेटस निघतानाच टाकू नये. घर बंद आहे हे त्यामुळे सगळ्यांना कळतं. फोटो परत आल्यावर टाकले तरी चालतात.

नवं गाव आपलंसं करताना

ऊन आहे म्हणून दोन महिने घरात कोंडून घ्यायचं कारण नाही. पहाटे साडेपाच ते नऊ आणि संध्याकाळी सहानंतरचा वेळ आपला असतो. पहाटे गावाला एक फेरी मारली की आठवड्यात निम्मं गाव ओळखीचं होतं. आठवडी बाजाराचा वार विचारून घ्यावा. भाजी तर मिळतेच, शिवाय प्लंबर कुठला चांगला, दूध कुणाचं घ्यावं, हेही तिथेच कळतं. कुरड्या, पापड, सरगुंडे घालायच्या दिवसांत शेजारणीच्या हाताखाली तासभर बसलं की ओळख पक्की होते.

जिल्हा फिरायलाही मोठा आहे. चौदा तालुके आणि प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. परतवाड्याहून घाट चढून वर गेलं की सुमारे ११०० मीटर उंचीवर चिखलदरा लागतं. तिथला गाविलगड किल्ला, भीमकुंड आणि कॉफीची झाडं बघण्यासारखी आहेत. खाली मेळघाटात सिपना नदीकाठचं कोलकास आणि सेमाडोह, आणि वाटेवरची कोरकू गावं. तिवसा तालुक्यात वर्धा नदीच्या काठी रुक्मिणीचं माहेर मानलं जाणारं कौंडण्यपूर आणि तुकडोजी महाराजांचं गुरुकुंज मोझरी आहे. मोर्शी तालुक्यात सिंभोऱ्याचं अप्पर वर्धा धरण आणि महानुभावांचं रिद्धपूर. लीळाचरित्राचा वारसा सांगणाऱ्या या गावीच आता मराठी भाषा विद्यापीठ आहे. अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावला १८७६ साली गाडगेबाबांचा जन्म झाला. मुलांना झाडू हाती घेतलेल्या या संताची गोष्ट तिथेच सांगता येते. धरणावर आणि नदीवर मात्र पोहायला उतरू नये. पाणी शांत दिसतं, खोली कळत नाही.

चिखलदऱ्यातली खोली किंवा जंगल सफारी ऑनलाइन ठरवतानाही सावध राहावं. हंगामात स्वस्त खोलीच्या खोट्या जाहिराती फिरतात. सफारी वनविभागाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावी. खासगी खोलीसाठी पूर्ण पैसे आधी पाठवू नयेत.

बाहेर पडताना डोक्याला दुपट्टा, सोबत पाणी आणि पोटात काहीतरी हवंच. ताक, पन्हं, लिंबू सरबत चालतं. ओआरएसची पुडी घरात असू द्यावी आणि पुडीवर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच ती विरघळवावी. उन्हातून आलेला माणूस बरळू लागला, अंग तापलं, झापड आली तर तो उष्माघात असू शकतो. त्याला सावलीत घ्यावं, कपडे सैल करावेत, अंगावर पाणी ओतून वारा घालावा आणि १०८ ला फोन करावा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी ओतू नये.

पैसे गेलेच तर

फसवणूक झाली की माणूस आधी गप्प बसतो. लोक हसतील, नव्या गावात नाव खराब होईल असं त्याला वाटतं. पण या कामात एकेक मिनिट मोलाचं असतं. ठग पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पटापट हलवतात. ते कुठेतरी अडवता आले तरच परत मिळण्याची आशा असते.

१. लगेच १९३० ला फोन करावा. हा सायबर फसवणुकीसाठीचा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. खातं कोणत्या बँकेचं, किती रक्कम, व्यवहार क्रमांक आणि वेळ ही माहिती हाताशी ठेवावी.

२. बँकेला फोन करून खातं, कार्ड आणि यूपीआय थांबवायला सांगावं. बँकेचा नंबर पासबुकावरून किंवा एटीएम कार्डाच्या मागून घ्यावा.

३. एपीके फाइल उघडली असेल तर फोनचं इंटरनेट बंद करावं आणि दुसऱ्या फोनवरून १९३० आणि बँकेला कळवावं.

४. संदेश, कॉलची यादी, फोटो काहीही पुसू नये. तोच पुरावा असतो.

५. केंद्र सरकारच्या सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी तक्रार करून तिचा क्रमांक घ्यावा.

आपली चूक नसताना, बँकेचीही चूक नसताना तिसऱ्याच कुणी खात्यातून पैसे काढले आणि ग्राहकाने बँकेची सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकानुसार त्याच्यावर नुकसान येत नाही. ओटीपी किंवा पिन स्वतःच दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं. कळवल्यानंतरही पैसे गेले तर ती जबाबदारी बँकेची. म्हणजे दोन्ही बाजूंनी लवकर कळवण्यातच फायदा आहे.

हे सगळे नंबर, १०८, १९३०, १९१२ आणि १९०६, लाइनमन, घरमालक आणि जवळच्या दोन शेजाऱ्यांच्या नंबरांसह एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहून माठाच्या वरच्या भिंतीला चिकटवावेत. उन्हाळ्यात घरातला प्रत्येक माणूस दिवसातून दहादा तिथे जातोच.